झुडपी जंगल : एक महसुली शब्द आणि राज्यसंस्थेच्या तीन शाखा

पूर्व विदर्भातील झुडपी जंगलासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या न्यायनिर्णयाची चर्चा बहुधा दोनच अंगांनी झाली. कोणाची घरे वाचली हे एक आणि किती वन वाचले हे दुसरे. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात संशय नाही. परंतु राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला या निर्णयात आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. विधिमंडळाने ज्याची व्याख्या केली नाही, कार्यकारी मंडळाने ज्याचा निकाल लावला नाही, अशा एका शब्दाचा अर्थ ठरविण्याचे काम अखेर न्यायालयाकडे आले. आणि अर्थ ठरविता ठरविता न्यायालयाला शासनाचे बरेचसे कामही अंगावर घ्यावे लागले. प्रस्तुत लेखात त्या निर्णयाचे या दृष्टीने परीक्षण करावयाचे योजिले आहे. उदाहरणे शक्य तो चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील घेतली आहेत, कारण हा प्रश्न तेथे सर्वांत जुना आणि सर्वांत गुंतागुंतीचा आहे.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहणे इष्ट होईल. झाडीपट्टी हे ज्या प्रदेशाचे लोकप्रचलित नावच आहे, तेथे झुडूप व झाड यांतील भेद केवळ वनस्पतिशास्त्राचा नव्हे. मध्य प्रांताच्या महसुली व्यवस्थेत गावाचा मालक मालगुजार. वहितीखालील जमीन सोडून गावाच्या शिवारात जी पडीक, खुरट्या झुडपांची, खडकाळ जमीन उरे, ती मालगुजाराच्या मालकीची समजली जाई. परंतु तिच्यावर रयतेचा निस्तार असे. सरपण, कुंपणाचे काटे, घरशाकारणीचे गवत, गुरांची चराई, आखर, स्मशान, माती-मुरूम या सर्व गरजा तेथून भागत. मालकी एकाची आणि उपयोग सर्वांचा, अशी ही रचना होती. बंदोबस्ताच्या कागदांत अशा जमिनीची जी वर्णने लिहिली गेली, त्यांपैकी ‘झुडपी जंगल’ हे एक. आजच्या मध्य प्रदेश व छत्तीसगढच्या महसुली कागदांत ‘बडे झाड का जंगल’ व ‘छोटे झाड का जंगल’ अशा नोंदी आढळतात; आपला शब्द त्याच घराण्यातला आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनात वनशास्त्र नव्हते. शेतसारा कशावर बसवावयाचा आणि कशावर नाही, एवढेच त्याला पाहावयाचे होते.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली आणि या जमिनी राज्याकडे निहित झाल्या. या घटनेने जे वाद उद्भवले, ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे आज बहुधा विसरले गेले आहे. जुन्या मालकांशी तेंदूपानांचे करार केलेल्या व्यापाऱ्यांच्या बाजूने न्यायालयाने ‘छोटाभाई जेठाभाई’ प्रकरणी निर्णय दिला. पुढे १९५९ मध्ये ‘महादेव विरुद्ध मुंबई राज्य’ या प्रकरणात तोच दृष्टिकोन स्वीकारण्यास न्यायालयाने नकार दिला. ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ या १९५८ च्या प्रकरणात न्या. विव्हियन बोस यांनी उभे इमारती लाकूड आणि झाड यांतील फरक मोठ्या बारकाईने उलगडून दाखविला आहे. बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. या मुलखातले झाड त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. हे तिन्ही निवाडे आजच्या निर्णयाशेजारी ठेवून वाचले म्हणजे एक फरक तत्काळ लक्षात येतो. त्या काळी न्यायालयापुढे दोन पक्ष असत, एक करार वा दस्त असे, आणि हक्क आहे की नाही एवढेच सांगून न्यायालय बाजूला होई. शासनाने त्या जंगलाचे पुढे काय करावे, हे न्यायालय सांगत नसे. कोणी विचारीतही नसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले व १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे झाले. माणसे, कचेऱ्या आणि दप्तरे यांबरोबर शब्दही आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद पुढे चालविली, परंतु झुडपी जंगल म्हणजे वन की गुरचरण, याचा निर्णय कोणी केला नाही. त्या वेळी तो करण्याची निकडही नव्हती. जमीन महसूल खात्याची होती. तिच्यावर शाळा बांधली, पंचायतीचे घर उभारले, भूमिहीनाला भूखंड दिला, तर अडविणारे कोणी नव्हते. चांद्याचा चंद्रपूर झाला, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा निघाला, आणि नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या इमारती लागतात त्यांना जागा कोठून मिळणार, हा प्रश्न पुन्हा त्याच नोंदीपाशी येऊन ठेपला.

दरम्यान दोन घटना घडल्या होत्या. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. आणि २५ ऑक्टोबर १९८० पासून वनसंवर्धन कायदा अमलात येऊन केंद्राच्या पूर्वपरवानगीवाचून वनजमिनीचा वनेतर उपयोग करण्यास राज्याला बंदी झाली. या कायद्यात ‘वन’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. ज्या एका शब्दावर सारी बंदी उभी, तो मोकळा ठेवून संसदेने कायदा केला. या मौनाला दूरदृष्टी म्हणणारे आहेत. आमच्या मते तो निव्वळ निष्काळजीपणा होता, आणि त्याची किंमत झाडीपट्टीतील खेड्यांनी मोजली. कारण ‘झुडपी जंगल’ या नोंदीतील दुसरा शब्द आता एकाएकी जड झाला. राज्यशासन केंद्राकडे परवानगी मागू लागले, पत्रव्यवहार सुरू झाला, वनव्यवस्थापनास योग्य किती व अयोग्य किती याची मोजदाद झाली. आणि हे चालू असतानाच जमिनींचे वाटपही चालू राहिले.

१२ डिसेंबर १९९६ रोजी ‘टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद’ प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने संसदेचे मौन भरून काढले. वन म्हणजे शब्दकोशातील अर्थाने जे वन ते, आणि शिवाय शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र, मग मालकी कोणाचीही असो. या आदेशाचा पहिला भाग सर्वत्र उद्‌धृत केला जातो. झाडीपट्टीला बाधक ठरला तो दुसरा. शब्दकोश उघडून पाहिला असता झुडपांच्या माळाला वन म्हणावे की न म्हणावे यावर वाद घालता आला असता. अभिलेखाची कसोटी लावल्यावर वादाला जागा उरत नाही, कारण अभिलेखात ‘जंगल’ हे अक्षरशः लिहिलेले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बंदोबस्ताच्या कारकुनाने सारा न बसविण्याच्या हेतूने लिहिलेला शब्द विसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यावरणविषयक संवैधानिक आदेशाचा आधार झाला.

त्यानंतर बारा दिवसांनी, २४ डिसेंबर १९९६ रोजी, अनुसूचित क्षेत्रांना पंचायतींविषयीच्या तरतुदी लागू करणारा कायदा झाला. त्यात ग्रामसभेला सामूहिक साधनसंपत्तीचे रक्षण करण्यास समर्थ मानले आहे आणि गौण वनोपजाची मालकी तिच्याकडे सोपविण्यास सांगितले आहे. गडचिरोलीचा मोठा भाग व चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. एकाच पंधरवड्यात न्यायालयाने वनाचा अर्थ दिल्लीत एकवटला आणि संसदेने त्याच वनाचा कारभार गावाकडे पाठविला! दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे पाहिले नव्हते. सत्ताविभाजनाच्या चर्चेत आपण नेहमी संघर्षाचा विचार करतो. परंतु शाखा एकमेकींशी भांडत नसून एकमेकींच्या गैरहजेरीत बोलत आहेत, ही अवस्था अधिक वारंवार आढळते व अधिक त्रासदायक ठरते.

आता मूळ निर्णयाकडे वळू. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा प्रश्न होता. राज्याच्या म्हणण्याचा सारांश असा की, ही जमीन खऱ्या अर्थाने वन कधीच नव्हती. राज्यपुनर्रचनेनंतर नोंद दुरुस्त करावयाची राहून गेली एवढेच. सरन्यायाधीश भूषण गवई व न्या. ऑगस्टिन मसीह यांच्या खंडपीठाने हा युक्तिवाद मान्य केला नाही आणि १९९६ च्या आदेशानुसार ही जमीन वनच होय असे ठरविले. परंतु अपवाद म्हणून, आणि हा दाखला अन्यत्र लागू होणार नाही असे स्पष्ट करून, १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची परवानगी घ्यावी, असे सांगितले. त्यानंतरच्या वाटपांसाठी कारणे द्यावयाची, जबाबदार अधिकाऱ्यांची यादी द्यावयाची, आणि त्यांच्यावर कारवाई झाल्याची खात्री पटल्यावरच केंद्राने प्रस्ताव विचारात घ्यावयाचा. वाटप न झालेले, तीन हेक्टरांहून लहान आणि वनाला न लागून असलेले तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करावयाचे. २५ ऑक्टोबर १९८० नंतरची अतिक्रमणे काढण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष पथक, मुदत दोन वर्षे. उरलेली जमीन वर्षभरात महसूल खात्याने वनखात्याच्या ताब्यात द्यावयाची; आणि पर्यायी वनीकरणासाठी ती वापरावयाची तर वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचे मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र हवे.

या आदेशाचा पहिला गुण असा की, तो राज्याला स्वतःच्या चुकीचा फायदा घेऊ देत नाही. वर्षानुवर्षे केंद्राकडे वनजमीन म्हणून परवानगी मागावयाची आणि न्यायालयात ती वन नव्हतीच असे म्हणावयाचे, या दुटप्पीपणाला न्यायालयाने आश्रय दिला नाही. दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. जमिनी यादीतून काढून टाकण्याचे काम न्यायालयाने स्वतः केले नाही. प्रस्ताव राज्याचा, मंजुरी केंद्राची, हा कायद्याने आखलेला मार्ग त्याने मोडला नाही. ‘राम जवाया कपूर’ प्रकरणी १९५५ मध्ये न्या. मुखर्जी यांनी असे म्हटले होते की, आपल्या संविधानाने सत्ताविभाजनाचे तत्त्व त्याच्या कडक स्वरूपात स्वीकारलेले नाही. तथापि निरनिराळ्या शाखांची कार्ये पुरेशी वेगळी केलेली आहेत आणि एका शाखेने दुसरीचे मूलभूत कार्य आपल्याकडे घ्यावे अशी कल्पना त्यात नाही. या कसोटीवर निर्णयाचा हा भाग उतरतो.

पुढचा भाग मात्र त्या कसोटीवर सहज उतरत नाही. तीन हेक्टरांची मर्यादा कोणत्या कायद्यातून आली? दोन वर्षांची मुदत, पथकाची रचना, मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र यांना आधार कोणता? हे सर्व शहाणपणाचे असेल. त्यांतील बराच भाग आहेही. परंतु हे धोरण आहे, आणि ज्याला धोरण म्हणावयाचे ते करण्यासाठी मंत्रालयात एक खाते आणि विधानभवनात एक सभागृह आहे. ‘अपवाद म्हणून, दाखला म्हणून नव्हे’ हे शब्दच या दृष्टीने बोलके आहेत. न्यायनिर्णयाचे स्वरूपच असे की त्यातील कारण पुढच्या प्रकरणालाही लागू पडते. जो निर्णय स्वतःच आपले कारण एका प्रदेशापुरते मर्यादित करतो, तो न्यायालयाच्या पोशाखात आलेला शासननिर्णयच नव्हे काय?

यावर उत्तर असे दिले जाईल, आणि ते खोटे नाही, की शासनाने चाळीस वर्षे काही केले नाही म्हणून न्यायालयाला हे करावे लागले. १९९६ पासून गोदावर्मन प्रकरणाचा सारा प्रवासच असा आहे. पर्यायी वनीकरणाच्या निधीची कल्पना आधी न्यायालयाच्या आदेशांतून आली. संसदेने त्यावर कायदा केला तो २०१६ मध्ये. न्यायालयाने पायवाट पाडावी आणि विधिमंडळाने मागाहून तिच्यावर खडी टाकावी, असा हा क्रम. आमची तक्रार पायवाटेविषयी नाही. मागून येणारा आता स्वतः रस्ता शोधावयाचे विसरला आहे, याविषयी आहे. १९५६ ते १९९६ या चार दशकांत महाराष्ट्राच्या विधिमंडळाला या नोंदीचा प्रश्न निस्ताराच्या अंगाने सोडविता आला असता. त्यासाठी लागणारी निस्तार पत्रके जिल्ह्याच्या अभिलेखागारांत होती.

विधिमंडळाने जेव्हा उत्तर दिले तेव्हाही ते न्यायालयाचे शब्द उसने घेऊन दिले. वनसंवर्धन कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वनाची व्याप्ती ठरविताना, १२ डिसेंबर १९९६ रोजी वा तत्पूर्वी शासनाधिकृत आदेशाने वनेतर उपयोगाकडे वळविलेल्या जमिनी कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. न्यायालयीन आदेशाची तारीख अशा रीतीने संसदेच्या कायद्यात बसली. पुढे १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने १९९६ चा विस्तृत अर्थच तूर्त चालू ठेवण्यास सांगितले. या पार्श्वभूमीवर झुडपी जंगलाचा निर्णय वाचला म्हणजे एक अडचण उभी राहते. १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने घरासाठी वा शाळेसाठी दिलेली जमीन दुरुस्त कायद्याच्या साध्या वाचनानुसार कायद्याबाहेर जाते असे दिसते. निर्णयानुसार तीच जमीन केंद्राच्या परवानगीच्या रांगेत उभी करावयाची आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न तहसील कचेरीत उद्या निश्चित विचारला जाईल.

परंतु आमच्या मते या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. निर्णयाच्या तारखा दोन : २५ ऑक्टोबर १९८० आणि १२ डिसेंबर १९९६. एक संसदेची, दुसरी न्यायालयाची. संसदेची तिसरी एक तारीख आहे : १३ डिसेंबर २००५. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही तारीख धरून वनवासी जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे हक्क मान्य केले. त्या कायद्याची वनजमिनीची व्याख्या पाहावी. तीत अवर्गीकृत वने, असीमांकित वने आणि मानीव वने यांचा समावेश आहे. म्हणजे झुडपी जमीन वन ठरली, की हा कायदा तिच्या दारात येऊन उभा राहतो. त्याच कायद्याने मान्य केलेल्या सामूहिक हक्कांत ‘निस्तार’ हा शब्द नावानिशी आहे, आणि संस्थाने व जमीनदारी यांसारख्या मध्यस्थ व्यवस्थांतील हक्कांचाही उल्लेख आहे. मालगुजारी गावाचे वर्णन याहून नेमके कोणते असू शकेल? हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणासही हुसकावून लावू नये, अशीही तरतूद तेथे आहे. तर मग १९८० नंतरचा आणि २००५ पूर्वीचा जो कसणारा आहे, तो विशेष पथकाच्या दृष्टीने अतिक्रमक की कायद्याच्या दृष्टीने दावेदार? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी फेटाळलेल्या दाव्यांच्या संदर्भात निष्कासनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता आणि केंद्राच्या विनंतीवरून त्याच महिन्याच्या २८ तारखेस तो स्थगित केला होता. हा अनुभव ताजा आहे.

येथे राज्याच्या युक्तिवादाचीही दुसरी बाजू दिसते. ही जमीन वन नाही असे म्हणणारे शासन गावाची शाळा वाचवीत होते, हे खरे. पण त्याच श्वासात ते गावाचा निस्तारहक्कही वनहक्क कायद्याच्या बाहेर काढीत होते. उलट न्यायालयाने ती वन ठरविली, तेव्हा हक्काचे दार उघडले आणि घरकुलाचे अडले. दोन्ही लेबलांत गावाचे काही जाते व काही येते. अशा प्रश्नाचा निवाडा गावाला विचारल्यावाचून करता येतो, असे तिन्ही शाखांनी गृहीत धरले आहे. वर्षभरात जमीन वनखात्याकडे देऊन तेथे पर्यायी वनीकरण करावयाचे म्हणजे चराईच्या माळावर रोपे लावावयाची. झुडपी माळ हे उजाड वन नव्हे. ब्रह्मपुरीच्या बाजूस वाघ शेताच्या कडेच्या याच झुडपांतून वावरतो, आणि गुरेही तेथेच चरतात. त्या मिश्र उपयोगाला ना महसूल खात्याच्या कागदात जागा आहे, ना वनखात्याच्या.

गावाला विचारणे अशक्य नाही, याचे उदाहरण याच प्रदेशात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडूनच, हा आग्रह कायम राहिला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हे झाड होते. २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपज होता. शब्दाचाच वाद हाही! तो न्यायालयातून सुटला नाही. ग्रामसभा हटली नाही, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. १९२७ च्या कायद्यातील व्याख्या संसदेने दुरुस्त केली ती त्यानंतर साडेसहा वर्षांनी, २०१७ मध्ये, आणि तीही वनक्षेत्राबाहेरील बांबूला वाहतुकीची मोकळीक देण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयासही हा मार्ग अपरिचित नाही. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी त्याने खाणीचा प्रश्न स्वतः न सोडविता ग्रामसभांपुढे ठेवला होता, आणि त्या सभांनी तो सोडविला.

झुडपी जंगलाच्या निर्णयातील मुदती आता चालू झाल्या आहेत. प्रत्येक गटासाठी प्रस्ताव तयार करताना वाटपाचा आदेश, त्याची तारीख, अधिकाऱ्याचे पद आणि आजचा उपयोग हे चार रकाने भरावे लागतील. त्यांशेजारी पाचवा रकाना निस्तार पत्रकातील नोंदीचा आणि सहावा ग्रामसभेच्या ठरावाचा ठेवण्यास न्यायालयाच्या कोणत्याही शब्दाची आडकाठी दिसत नाही. १९६६ च्या संहितेने पत्रकाची आणि २००६ च्या कायद्याने ठरावाची सोय आधीच करून ठेविली आहे. त्यासाठी नवा कायदा नको, नवा आदेशही नको. जिल्हाधिकाऱ्याने तक्त्यात दोन रेघा अधिक ओढावयाच्या आहेत.